पीयूसी पास, पण गाडीचं काय?

डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा असतो. तो पेटलेला असताना गाडी पीयूसीला नेली तर काय होतं? पुष्कळदा काहीच होत नाही. सायलेन्सरमध्ये नळी जाते, मशीनवर आकडे उमटतात, नंबरप्लेटचा फोटो निघतो, प्रिंटरमधून कागद बाहेर येतो आणि गाडीचं प्रदूषण पुढचं वर्षभर 'नियंत्रणात' असतं. दिवा मात्र तसाच पेटलेला. म्हणजे गाडी स्वतः सांगतेय की धूर साफ करणाऱ्या यंत्रणेत काहीतरी बिघडलंय, आणि सरकारी कागद सांगतोय की सगळं ठीक आहे. दोघांपैकी खरं कोण?

माझं उत्तर सरळ आहे. बहुतेक वेळा गाडीच. म्हणून पीयूसी काढताना नळीबरोबर गाडीची स्वतःची नोंदही वाचली गेली पाहिजे. आणि ती नोंद तपासणीच्या आदल्या दिवशी पुसून टाकायची जी सवय आपल्याला लागलीय, ती आपण, म्हणजे कॉलेजात गाडी घेऊन येणाऱ्या पोरापोरींनी, आधी सोडली पाहिजे.

आपल्या एमएच-०७ गाड्यांचा सगळा कारभार इथे ओरोसला, सिंधुदुर्गनगरीत चालतो. पक्क्या लायसन्सची टेस्ट द्यायला आपल्यातले कितीतरी जण इथेच आलेले आहेत. त्या टेस्टला निदान आपण गाडी चालवून दाखवतो. गाडीच्या धुराच्या टेस्टमध्ये मात्र गाडी चालतच नाही. ती उभी असते.

उभ्या गाडीची परीक्षा

नियम काय आहे ते आधी बघू. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ११५ सांगतो, की नवीन गाडीला नोंदणीपासून एक वर्ष झालं की पीयूसी हवी. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांची पीयूसी वर्षभर चालते, त्याहून जुन्या गाड्यांची सहा महिने. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात बदल झाले, त्यानंतर कलम १९० खाली प्रदूषणाचे नियम मोडल्याचा दंड दहा हजार रुपयांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे कागदाची किंमत मोठी आहे. पण त्या कागदामागे तपासलं काय जातं?

पेट्रोल गाडीचं इंजिन उभ्या जागी चालू ठेवून धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन, म्हणजे हायड्रोकार्बन मोजतात. बीएस-४ पेट्रोल कारसाठी आयडलला मर्यादा आहे ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि २०० पीपीएम हायड्रोकार्बन. डिझेल गाडीला जागच्या जागी रेस करून धुराचा काळेपणा मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत. हाच वायू श्वासनलिकेला त्रास देतो आणि उन्हात त्याच्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. डिझेलच्या बाबतीत तर खरी काळजी त्याचीच असते. इंजिन गरम असेल आणि नशीब बरं असेल, तर आजारी गाडीसुद्धा त्या दोन मिनिटांत शहाण्यासारखी वागते.

परीक्षा कधी आणि कशी होणार हे आधीच माहीत असेल तर काय होतं, हे जगाने २०१५ मध्ये पाहिलंय. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमध्ये असं सॉफ्टवेअर होतं, की प्रयोगशाळेतली चाचणी सुरू आहे हे गाडी ओळखायची आणि तेवढ्यापुरती स्वच्छ धावायची. रस्त्यावर आल्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जायचं. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा हा प्रश्न होता. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या संस्थेने या गाड्या तपासल्या. प्रयोगशाळेतले आणि रस्त्यावरचे आकडे जुळेनात. शेवटी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने भारतात सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावायचं जाहीर केलं.

यातून सरकार शिकलं. बीएस-६ चा दुसरा टप्पा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला, तेव्हापासून कंपन्यांना नव्या कारची चाचणी प्रत्यक्ष रस्त्यावर, यंत्र गाडीवर बांधूनही द्यावी लागते. चांगलं झालं. पण गाडी एकदा आपल्या हातात आली, की पुढची दहा-पंधरा वर्षं तिची परीक्षा पुन्हा उभ्यानेच. कंपनीला रस्त्यावरची परीक्षा आणि आपल्याला स्टँडवरची, हा कुठला न्याय?

गाडीचं जर्नल

आता गाडीच्या नोंदीकडे येऊ. इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, ईसीयू, स्वतःच्याच यंत्रणेवर लक्ष ठेवून असतो. या व्यवस्थेला ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, थोडक्यात ओबीडी म्हणतात. आपल्याकडे बीएस-४ कारमध्ये तिचा पहिला टप्पा २०१० ला आणि दुसरा २०१३ ला आला. दुचाकींना ती बीएस-६ बरोबर २०२० मध्ये मिळाली आणि पुढचे टप्पे २०२३ व २०२५ मध्ये आले. कारमध्ये स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात स्कॅनर लावला की गाडी बोलायला लागते.

आपल्याला साधारण माहीत असतात ते 'कोड'. बिघाड झाला की कोड पडतो आणि दिवा पेटतो. पण आणखी एक गोष्ट तिथे लिहिलेली असते, जिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. ती म्हणजे रेडिनेस मॉनिटर. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, त्या सेन्सरचा हीटर, धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी ईजीआर यंत्रणा, डिझेलमध्ये काजळी अडवणारा फिल्टर, अशा प्रत्येक भागाची गाडी आपणहून चाचणी घेते. चाचणी पूर्ण झाली की त्या मॉनिटरपुढे 'कम्प्लीट' लागतं. झाली नसेल तर 'इनकम्प्लीट'. कुठल्या गाडीत कुठले मॉनिटर असतील हे मॉडेलवर ठरतं.

प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखं समजा. 'कम्प्लीट' म्हणजे तुम्ही पास असं नाही. प्रयोग केला, एवढंच त्यातून कळतं. प्रयोगाचा निकाल वाईट आला असेल तर कोड पडेल. पण प्रयोग केलाच नसेल तर निकाल चांगला की वाईट हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून तपासणी करताना दोन्ही बघावं लागतं. कोड आहे का, आणि मुळात चाचण्या झाल्यात का.

पान फाडायची युक्ती

"लायट तेवडी घालव रे, उद्या पीयूसी काढूक जावचा आसा." गॅरेजमध्ये हे वाक्य काही नवीन नाही. आता तर गॅरेजही लागत नाही. ब्लूटूथवाला स्वस्त स्कॅनर ऑनलाइन मिळतो, मोबाइलवर अॅप टाकलं की 'क्लिअर' चं बटण समोर. दाबलं की दिवा गेला.

पण त्या बटणाने बिघाड जात नाही, फक्त बिघाडाची नोंद जाते. शिवाय त्याच क्षणी चाचणी मॉनिटरही कोरे होतात. बॅटरीची वायर काढली तरी पुष्कळ गाड्यांत हेच घडतं. म्हणजे एक नापासाचं पान काढायला गेलात आणि अख्खं जर्नल फाडून बसलात. आपल्या पीयूसीत ते सॉकेट कोणी उघडतच नाही, म्हणून ही युक्ती चालून जाते.

अमेरिकेत ती चालत नाही. तुमचं कोणी नातेवाईक कॅलिफोर्नियात असेल तर त्यांना 'स्मॉग चेक' बद्दल विचारा. तिथे २००० सालच्या आणि त्यानंतरच्या पेट्रोल कारच्या सायलेन्सरमध्ये साधारणपणे नळी घालतच नाहीत. ओबीडीच्या सॉकेटला वायर जोडतात आणि गाडीची नोंद वाचतात. पेट्रोलच्या वाफेचा मॉनिटर सोडला तर बाकी सगळे पूर्ण लागतात. आदल्या दिवशी कोड पुसून गेलेला माणूस अपूर्ण मॉनिटर घेऊन परत येतो. मग त्याला गाडी नीट करून, काही दिवस चालवून पुन्हा जावं लागतं. तिथल्या लोकांच्या चर्चेचा विषय 'दिवा कसा घालवायचा' यापुढे गेलाय. त्यांना पडलेला प्रश्न असतो, 'मॉनिटर कसे पूर्ण करायचे'. आणि ते पूर्ण करायचा उपाय एकच. गाडी दुरुस्त करायची आणि चालवायची.

ओरोस ते कणकवली

हे मॉनिटर पूर्ण कसे होतात? इंजिनाला वेगवेगळ्या परिस्थितीतून नेलं की. याला ड्राइव्ह सायकल म्हणतात. आपल्या मुंबई-गोवा हायवेवर ती छान जमते.

टाकीत पाव ते पाऊण इंधन असू द्या. गाडी रात्रभर उभी राहू द्या, कारण काही चाचण्या पूर्ण थंड इंजिनापासूनच सुरू होतात. सकाळी ओरोसला गाडी चालू करा आणि रेस न करता दोन-तीन मिनिटं तशीच ठेवा. मग हळूहळू हायवेला लागा. कसाल मागे टाकून कणकवलीच्या दिशेने, वेगमर्यादा आणि रहदारी बघून, ताशी ८० च्या आसपास एकाच वेगात दहा-बारा मिनिटं जाऊ द्या. सारखं अॅक्सिलरेटर दाबायचं-सोडायचं नाही. मागे कोणी नसेल अशा ठिकाणी पाय उचला आणि गाडी गिअरमध्ये ठेवून आपोआप मंदावू द्या. कणकवलीत बाजारातून थांबत-थांबत एक फेरी, मग दोन मिनिटं आयडल. अशा फेऱ्या दोन-तीन दिवस झाल्या की बरेचसे मॉनिटर पूर्ण होतात. काही हट्टी असतात, त्यांना आठवडाही लागतो. स्कॅनरचं अॅप मात्र गाडी थांबवूनच बघायचं, किंवा शेजारी बसलेल्या मित्राच्या हातात द्यायचं.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. बिघाड खरंच दुरुस्त केला असेल तर दिवा पुसावा लागतच नाही. कारमध्ये साधारण तीन फेऱ्यांत तीच चाचणी लागोपाठ नीट पार पडली, की दिवा आपोआप विझतो. जो दिवा पुसल्याशिवाय जातच नाही, तो बहुतेक खरंच काहीतरी सांगत असतो.

'आपल्याकडे कुठे प्रदूषण?'

हा विषय काढला की पहिलं वाक्य ठरलेलं. आपला जिल्हा म्हणजे समुद्र आणि झाडी, हवा तर बघा! खरं आहे, आपली हवा मुंबईसारखी नाही. पण धूर जिल्ह्याच्या सरासरीत शिरत नाही, तो शेजारच्या माणसाच्या नाकात शिरतो. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, तेव्हा त्या रांगेत स्कूटीवर अडकलेली मुलगी आणि रस्त्याकडेला कोकम सरबत विकणारी मावशी, या दोघींना जिल्ह्याची सरासरी काय कामाची?

आणि हवा सोडा, आपल्या खिशाचं बघा. इंजिन मिसफायर होत असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळवून टाकतं. कन्व्हर्टरमध्ये पॅलेडियम, ऱ्होडियमसारखे महाग धातू असतात. वेळेवर स्पार्क प्लग किंवा कॉइल बदलली असती तर भागलं असतं, ते काम मग हजारोंच्या घरात जातं. आपल्याकडची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि बॉनेटखाली शिरून वायरी कुरतडणारे उंदीर बघता सेन्सरच्या वायरिंगचा त्रास आपल्याला शहरापेक्षा कमी नसणार. म्हणजे तो दिवा आपल्या जास्तच उपयोगाचा.

दुसरा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. मॉनिटर अपूर्ण आहेत म्हणजे माणूस लबाडच, असं थोडंच आहे? मुंबईचा चाकरमानी गावच्या घरी गाडी ठेवतो, बॅटरीची वायर काढून. गणपतीला येतो, वायर जोडतो. नोंद कोरी. कोणाची गाडी रोज घर ते कॉलेज चार किलोमीटरच चालते, इंजिन नीट गरमच होत नाही, मॉनिटर पूर्ण होणार कसे? अशा माणसाला नापास करून चकरा मारायला लावल्या, तर एका कागदी जाचाच्या जागी दुसरा जाच आला एवढंच.

म्हणूनच माझी मागणी 'नापास करा' अशी नाहीच. पहिलं वर्षभर फक्त वाचा आणि छापा. पीयूसीच्या कागदावर तीन ओळी वाढवा. दिवा पेटलेला आहे की नाही आणि कोड किती. मॉनिटर किती पूर्ण, किती अपूर्ण. कोड पुसल्याला किती किलोमीटर झाले. ही शेवटची नोंद अनेक गाड्या ठेवतात, आणि प्रामाणिक माणूस व पान फाडणारा यांतला फरक बऱ्याच अंशी तिथेच कळतो. गाडी पाचशे किलोमीटर चालूनही एखादा मॉनिटर अपूर्ण असेल, तर तो मालकाचा गुन्हा नाही. पण नोंद कोरी होऊन फक्त सहा किलोमीटर झालेत आणि माणूस पीयूसीच्या रांगेत उभा आहे, तर त्याला एवढंच सांगा, "आठवडाभर चालवा आणि पुन्हा या." दंड नको, शिक्षा नको, फक्त आठवडा. वर्षभरानंतर हाती आलेली माहिती बघून मग नियम कडक करा.

नळी काढून टाका असंही मी म्हणत नाही. जुन्या गाड्यांना ओबीडीच नाही. आणि नव्या गाडीतही सॉफ्टवेअर बदलून ईसीयूला गप्प करणारे लोक आहेत. डिझेलचा फिल्टर काढायचा आणि कॉम्प्युटरला सांगायचं की सगळं जागेवर आहे. तिथे नळीच कामाला येईल. गाडी काय सांगते आणि धूर काय सांगतो, हे शेजारी ठेवून बघायचं. दोघांचं जुळलं नाही तर पुढचा प्रश्न विचारायचा.

आता आपल्याबद्दल

सरकारने काय करावं हे सांगणं सोपं असतं. आपण काय करतो? बुलेटचा मूळ सायलेन्सर काढून फटाके फोडणारा लावतो. कित्येक बीएस-६ बाइकमध्ये कन्व्हर्टर एक्झॉस्टच्या पाइपमध्येच असतो. पाइपसकट बदललं की आवाजाबरोबर धूर साफ करणारा भागही गेला. पीयूसीच्या दिवशी जुना पाइप परत बसतो, संध्याकाळी पुन्हा उतरतो. कंपनीने ठरवलेली गाडीची रचना अशी मनाने बदलायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ परवानगी देत नाही, हेही आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असतं. फोक्सवॅगनने सॉफ्टवेअरने केलं ते आपण पान्याने करतो. मग कंपनीला नावं ठेवायचा हक्क आपल्याला उरतो का?

उलट, हे बदलायची ताकदही आपल्याकडेच आहे. मालवणचं शासकीय तंत्रनिकेतन, जिल्ह्यातल्या आयटीआय, इंजिनीअरिंग कॉलेजं इथे ऑटोमोबाइल, मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी पोरं आहेत. एक स्कॅनर, दोन मोबाइल आणि कॉलेजचं पार्किंग, एवढं असलं तरी एका शनिवारी सरांच्या, मॅडमच्या आणि मित्रांच्या पंचवीस-तीस गाड्या वाचून होतील. कोड पुसायचा नाही, फक्त वाचायचा. प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहून द्यायचं की दिवा का पेटलाय आणि कुठले मॉनिटर अपूर्ण आहेत. नावं आणि नंबर काढून टाकून त्या सगळ्याचा एक पानी तक्ता करायचा. पीयूसी चालू असलेल्या किती गाड्यांमध्ये कोड सापडले, ही एकच गोष्ट त्यात असली तरी पुरे.

तो कागद घेऊन ओरोसच्या परिवहन कार्यालयात जा. 'प्रदूषण कमी करा' असं निवेदन रोज कोणीतरी देत असतं. 'आम्ही इतक्या गाड्या वाचल्या, त्यात हे सापडलं, पीयूसीवर तीन ओळी वाढवा' असं निवेदन देणारे विद्यार्थी तिथे रोज येत नाहीत. निर्णय मुंबई-दिल्लीत होणार हे खरं, पण आपल्या जिल्ह्यातून आकडे गेले तर तिथेही कोणाला तरी ते वाचावे लागतील.

आणि तोपर्यंत तुमच्या गाडीचा दिवा पेटलाच, तर 'क्लिअर' दाबण्याआधी कोड लिहून घ्या आणि गॅरेजवाल्या दादाला फक्त एकच प्रश्न विचारा, "दिवा घालवताय, की बिघाड?"